चित्रं मामांची, घर मामींचं

“अगं, ऐकलंस का? मामाच्या घराला टेप लागला. बिल्डर माणसं घेऊन आला अन् ढाळजेपासून परसापर्यंत मोजून गेला!”

काकू लातूरहून आल्या की बॅग आत नेत नाहीत. ती ओट्यावर टेकवतात आणि थेट कंपाउंडच्या भिंतीशी येतात. सगळा संसार नांदेडात झाला, पण माहेर लातूरचं, आणि माहेरची बातमी शिळी होऊ द्यायची नाही हा त्यांचा बाणा. मी कढीपत्ता तोडत होते, ती डहाळी हातातच राहिली.

“कोणते मामा? ड्रॉइंगवाले?”

“दुसरा कोणता मामा हाय मला!”

या मामांना आमच्या गल्लीतही सगळे ओळखतात, तेही न बघता. शाळेत चित्रकलेचे मास्तर. लातूरच्या जुन्या भागातली कितीतरी पोरं त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी अन् इंटरमिजिएट देऊन पुढं गेली. मास्तर जिथले तिथं राहिले. माळवदाचं घर, पुढं ढाळज, ढाळजेत उजेडाच्या अंगाला मांडलेली एक लाकडी घोडी, भिंतीतल्या देवळीत ब्रश आणि पोस्टर कलरच्या बाटल्या. बोटं कायम काळी; जेवायला बसले तरी मामी आधी हात बघायच्या अन् मग ताट वाढायच्या. मामांना जाऊन आता बरेच दिवस झाले. थोरला पुण्यात, धाकटा हैदराबादला. घरात मामी एकट्या, आणि भिंतीला लावून ठेवलेली मामांची चित्रं.

“पोरं म्हणायलेत, फ्लॅट करू. चित्रांचं काय म्हणलं, तर धाकटा म्हणतो, मोबाइलवर फोटो काढून घेतो. फोटो! अगं, त्या माणसानं सायकलवर औसा, किल्लारी, सास्तूर पालथं घातलं. सुट्टी लागली की निघाला. वेशी काढल्या, बुरूज काढले, वाड्यांचे दरवाजे काढले. आता त्यातलं काय शिल्लक हाय तिथं?”

हे मात्र खरं. १९९३च्या ३० सप्टेंबरला, गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती अन् वर माळवद. मराठवाड्यात दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची रीत, म्हणजे घर जितकं जुनं तितकं डोक्यावरचं ओझं जास्त. तेच ओझं झोपेत लोकांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली. पुढं गावंच्या गावं नव्या जागी वसली, चौकोनी घरं, सरळ रस्ते. जुन्या वेशी कशा होत्या हे सांगायला मामांसारख्यांच्या वह्याच उरल्या.

“मग म्युझियम करा की,” मी म्हणाले. “कोल्हापुरात केलंयच की एकानं.”

“कोल्हापुरात काय, तिथं अंबाबाई हाय, पैसा हाय.”

“पैशाचं नाई सांगायले मी. आम्ही अंबाबाईला गेलो तेव्हा राजारामपुरीत उतरलो होतो. तिथं चंद्रकांत मांडरेंचा बंगला आहे, नाव ‘निसर्ग’. सिनेमातले चंद्रकांत हो, भालजींच्या ‘छत्रपती शिवाजी’तले शिवाजी महाराज. १९५२चा सिनेमा.”

“सूर्यकांतचा भाऊ!”

“थोरला भाऊ. तो माणूस आधी चित्रकार, मग नट. बाबूराव पेंटरांच्या तालमीतला. म्हणजे कोण, तर ज्यांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, ते. तर या मांडरेंनी जिवंतपणी स्वतःचा राहता बंगला आणि चित्रं सरकारला देऊन टाकली. आता तिथं सरकारी संग्रहालय आहे. शेकडो चित्रं, डोंगर, झाडं, पाणी. तेलरंग आहेत, जलरंग आहेत, पण मी थांबले ती पावडर शेडिंगपाशी.”

“हे तर मामा पण करायचा!”

“म्हणून तर तुम्हाला सांगायले. अगदी काचेला नाक लावून बघितलं, ब्रशचा एक फटकारा दिसेल तर शपथ. पूड घ्यायची, कागदावर बोटानं नाहीतर कापसाच्या बोळ्यानं चोळत न्यायची, अंधारातून उजेडाकडं विरवत न्यायची. रेघ कुठंच नाही, तरी झाड दिसतं. घाई केली की डाग पडला. अन् हे सगळं बघायचं कुठं, तर कुणाच्या तरी घरात. इथं माणूस जेवला असेल, इथं झोपला असेल, असं वाटत राहतं. नुसत्या गॅलरीत तसं वाटत नाही.”

काकूंनी भिंतीवर कोपर टेकवलं. म्हणजे बसायची तयारी झाली.

“माझी नात पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात हाय ना, तिनं असंच सांगितलं. ती पोरं-पोरं मिळून अलिबागकडं गेली होती, सासवण्याला. तिथं करमरकरांचं घर. ते चित्रकार नाई, पुतळेवाले. नात म्हणते, आजी, दारात म्हैस बसली होती, मी वळसा घालून गेले, मग सगळे हसले. पुतळा होता तो!”

विनायक पांडुरंग करमरकर. १८९१चा जन्म, गाव तेच सासवणे. पोरगा देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज रंगवून बसला होता, ते कुलाब्याचा कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यानं बघितलं आणि त्याला मुंबईला जे. जे.त धाडायची सोय केली. पुढं कलकत्ता झालं, लंडन झालं. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, १९२८चा, यांच्याच हातचा. साडेतेरा फुटी, माझगावला ओतला आणि तिथून पुण्याला नेला. आणि एवढं सगळं करून माणूस परत गावाला येऊन बसला. ‘शंखध्वनी’, ‘मत्स्यगंधा’ आणि बाकीचे कितीतरी पुतळे आता त्याच घरात आणि अंगणात आहेत. १९६७ साली ते गेले. त्यानंतर हे सगळं सांभाळलं ते घरच्या माणसांनी.

“हां, ते घरच्या माणसांनी म्हणायलीस ना,” काकूंनी बरोबर धागा पकडला, “म्हणजे झाडू कुणाच्या हातात गेला, सांग बरं? समुद्राची हवा, खारं वारं. रोज धूळ झटकायची. सासऱ्याचे पुतळे म्हणलं की कौतुक जगाचं अन् फडकं घरच्या बाईचं.”

“सरकारकडं दिलं तर शिपाई असतो.”

“अन् सोमवारी बंद असतं!”

इथं आम्ही दोघी हसलो, आणि हसण्याचा आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. पलीकडं अण्णा. तहसीलमधून रिटायर झालेत, पण तहसील अजून त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही. पेपर बगलेत मारून ते आलेच.

“काय विषय चाललाय?”

काकूंनी थोडक्यात सांगितलं, म्हणजे पहिल्यापासून सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

“वहिनी, मूळ मुद्दा तुम्ही सोडायलात. मांडरेंनी हयातीत दिलं म्हणून झालं. माणूस जिवंत असताना बक्षीसपत्र करतो, नोंदणी करतो, संपला विषय. माणूस गेला की वारस येतात. वारस आले की वाटा येतो. वाटा आला की टेप येतो. तुमच्या मामांनी मृत्युपत्र केलं होतं का?”

“मामा? तो साधी रेशनकार्डावर सही करायला कंटाळा करायचा.”

“मग संपलंच. मोठमोठ्या माणसांचंही काम असं हातचं जातं. राजा रविवर्म्याचा छापखाना बघा, मळवलीला, लोणावळ्याजवळ. घराघरात लक्ष्मी-सरस्वती पोचवली त्यानं. १९७२ साली आग लागली अन् एवढं जुनं काम जळून गेलं.”

रविवर्म्याचं नाव निघालं तशा काकू गुलबर्ग्याला पोचल्या. मामांचे खरे गुरू रविवर्मा नव्हेत, एस. एम. पंडित. हा माणूस गुलबर्ग्याचा, १९१६चा. तेव्हा लातूर, नांदेड, गुलबर्गा सगळे एकाच निजामाच्या मुलखात. पंडित मुंबईला गेले, जे. जे.त शिकले, सिनेमाची पोस्टरं केली आणि कॅलेंडरावरचे देव केले. मामा शाळकरी वयात ती कॅलेंडरं समोर ठेवून हात बसवायचे. दिवाळीला वाण्याकडून नवं कॅलेंडर आलं की घरात तारखा बघायला कुणाला मिळायचं नाही, मामा ते आधी उतरवून घ्यायचे. आज कलबुर्गीत, म्हणजे त्याच गुलबर्ग्यात, पंडितांच्या नावाचं रंगमंदिर आहे.

“पंडितांच्या नावाचं रंगमंदिर, अन् आमच्या मामाच्या घराला टेप,” काकूंनी हिशोब मांडला.

“तुमची नात काय म्हणते?” मी विचारलं. “ती शिकायली ना हेच?”

“ती तर भलतंच सांगते. म्हणे, आजी, मेक्सिकोत एक बाई होती, फ्रिदा काहलो. चित्रकार. तिचं निळं घर. ती गेली १९५४ला, नवरा पण चित्रकार, दिएगो रिवेरा, त्यानं ते घर म्युझियमला दिलं. १९५८ला उघडलं. पण त्यानं काय केलं, बाईचे कपडे, औषधं, कागद, सगळं न्हाणीघरात घातलं अन् सांगितलं, मी मेल्यावर पंधरा वर्षं हे उघडायचं नाई.”

“का बरं?”

“नवऱ्याच्या भानगडी असतील की त्या कागदात, दुसरं काय! अन् पुढं ज्या बाईच्या ताब्यात घर आलं, तिनं पंधरा सोडून जन्मभर उघडलंच नाई. कुलूप निघालं ते २००४ला. आत शेकड्यांनी कपडे. लाकडी पाय, पाठीला बांधायचे पट्टे. बाईला बसचा अपघात झाला होता ना तरुणपणी.”

अण्णांना भानगडीत रस नव्हता. “त्याची यादी केली का त्यांनी?”

“केलीच असंल. तुम्हाला यादीचंच पडलंय!”

“पडणारच. वहिनी, यादी नसलेली वस्तू म्हणजे नसलेली वस्तू. आम्ही जप्तीला जायचो. पंचनाम्यात आलं ते आलं, बाकी सगळं हवेत.”

“थांबा, थांबा, जप्तीवरून आठवलं,” काकू म्हणाल्या, “त्याची पण गोष्ट तिनं सांगितली, तो कोण हॉलंडचा... रेम्ब्रां. तुमच्या तहसीलचीच गोष्ट हाय ती!”

गोष्ट खरंच अण्णांसाठीच घडलेली. रेम्ब्रांनं १६३९ साली ॲमस्टरडॅममध्ये झेपणार नाही एवढं मोठं घर घेतलं. हप्ते थकले. १६५६ला दिवाळं निघालं. मग कोर्टाचा कारकून आला आणि खोलीमागून खोली लिहीत गेला. कुठल्या खोलीत कोणतं चित्र, कुठं आरसा, कुठं खुर्ची, कुठं शिंपले, कुठं जुनी शिरस्त्राणं. ३६३ कलमं. घर १६५८ला लिलावात गेलं, पुढं कितीतरी मालक आले आणि गेले. मग १९११ला तिथं संग्रहालय झालं. पण घर आतून रिकामं. रेम्ब्रांची खुर्ची कुठली आणणार? तेव्हा कारकुनाची ती यादी कामाला आली. तिच्यावरून त्यांनी एकेक खोली परत लावली. आज लोक तिकीट काढून बघतात त्या जप्तीच्या यादीतल्याच खोल्या.

अण्णांचा चेहरा असा उजळला की पेन्शन वाढल्यावरही तेवढा उजळला नसेल.

“म्हणजे चित्रकाराचं घर कुणी वाचवलं? कारकुनानं!”

“अण्णा, तो वाचवायला नव्हता गेला, विकायला गेला होता.”

“हेतू बघायचा नसतो, दप्तर बघायचं असतं. ताई, तुम्ही लिहून ठेवा हे.” (लिहून ठेवलं.) “बरं वहिनी, एक सांगा. लातूरचं घर आहे कुणाच्या नावावर?”

काकू गप्प झाल्या. टेप, बिल्डर, पोरं, चित्रं, सगळं झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथं मामींना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन भिंतीवर ठेवला, कढीपत्त्याच्या शेजारी.

“मामी, मी बोलायले. घर कुणाच्या नावावर हाय ओ?”

“माझ्या.” पलीकडून आवाज खणखणीत. “तुझ्या मामाला पगार झाला की रंग आणायचे. माझ्या वडलांनी दिलेल्या सोन्यातून घेतलंय ते. घरपट्टी माझ्या नावानं येती. कामून विचारलं?”

अण्णांनी खूण केली: बोला, बोला, मुद्द्याचं बोला.

“मग पोरं विकायला निघाली अन् तुम्ही काही बोलला नाई?”

“काय बोलायचं? मीच बोलावलं बिल्डरला.”

भिंतीच्या तिन्ही अंगांना एकदम शांतता पडली. मामी मात्र सुटल्या होत्या.

“माय, तुम्हाला सगळ्यांना मामाचं घर पाहिजे. फोटो काढायला चांगलं दिसतं. माळवदावर दर साली माती मी टाकली. भूकंप झाल्यापासून त्या छताखाली माझा डोळा लागंना. उन्हाळा असो की थंडी, मी अंगणात पत्र्याखाली झोपते. तुझा मामा म्हणायचा, आत उजेड कसा सुरेख येतो. उजेड यायचा, पण रात्री माती पण गळायची. माझे गुडघे गेले, संडास परसात हाय. मला खोलीला लागून संडास पाहिजे अन् लिफ्ट पाहिजे. चार दिवस तरी डोक्यावर स्लॅब घेऊन झोपू द्या मला.”

आता यावर काय बोलणार? मांडरेंचा बंगला, करमरकरांचं घर, फ्रिदाचं न्हाणीघर, सगळं आमच्या तोंडावर होतं. आणि ज्या बाईनं या घरात आयुष्य काढलं, तिला तिथं झोप येत नव्हती, हे तिच्या भाचीलाही माहीत नव्हतं. घर जपा म्हणणं सोपं असतं, तुम्हाला त्यात झोपायचं नसतं तेव्हा. चित्रकाराच्या घराचं संग्रहालय होतं, तेव्हा आधी त्या घरातल्या माणसांची दुसरीकडं कुठंतरी सोय लागलेली असते, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

काकूंनीच पहिला श्वास घेतला. “मग मामाची चित्रं?”

“चित्रांना मी हात लावू देणार नाई. पोरांना सांगितलंय, बिल्डरनं खाली एक खोली काढून द्यायची, मामाच्या नावाची. भूकंपाआधीच्या गावाच्या वह्या तिथं. शाळेतली पोरं येऊन बघतील. नाई दिली खोली, तर सही नाई.”

“शाब्बास,” अण्णा भिंतीवरून जवळजवळ पलीकडं आले. “वहिनी, मामींना सांगा, ती अट करारनाम्यात पाहिजे, तोंडी नको. चटईक्षेत्रासकट लिहून घ्या. आणि पाडायच्या आधी यादी. ढाळज जशी आहे तशी, कोणती वस्तू कुठल्या देवळीत, कोणतं चित्र कुठल्या भिंतीला. भिंत गेली तरी चालंल, पण ती यादी असली तर उद्या कुणालाही ढाळज परत मांडता येईल. दोन प्रती. एक लातूरला, एक नांदेडला माझ्याकडं.”

“तुमच्याकडं कशाला?”

“मळवलीला काय झालं आत्ताच सांगितलं ना? सगळं एका जागी ठेवायचं नाही.”

बघता बघता बेत ठरला. नातीला पुण्याहून बोलवायचं, ती चित्रांची मापं आणि कोणत्या रंगात काढलंय ते लिहील, फोटोही नीट उजेडात काढील. काकू मामींशेजारी बसून कोणतं गाव, कोणता वाडा, कुणाचं दार हे विचारून घेतील; मामा सायकलवर गेले की डबा मामी बांधून द्यायच्या, त्यामुळं कुठल्या रविवारी कुठं गेले हे त्यांच्याच ध्यानात. मागं पेन्सिलनं लिहिलेलं असेल तर तेही जसंच्या तसं उतरवायचं, शुद्धलेखन दुरुस्त न करता. अण्णांनी पेपरच्या कडेवर तिथंच रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, नग, ठिकाण, शेरा.

“पहिलं कलम काय घालायचं?” काकूंनी फोनमध्ये विचारलं. “घोडी घालू का? का किल्लारीची वेस?”

“आधी तो डालड्याचा डबा लिव्ह,” मामी म्हणाल्या. “ब्रश धुवायच्या पाण्याचा. देवळीखाली हाय.”

“त्यात काय एवढं?”

“अगं, तो माझ्या स्वयंपाकघरातला. गव्हाच्या पिठाचा डबा होता. मी माहेरी गेले होते, तेवढ्यात मामानं उचलला. किती वेळा मागितला, दिला नाई. नव्या घरात मला तो वापस पाहिजे.”

“पण मामी, म्युझियममध्ये ठेवायचा ना तो! मामाच्या हातचा...”

“मामाच्या हातचा काय? पैसे मी दिलेत.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मी अण्णांकडं. अण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पेन झटकलं आणि सरकारी वळणदार अक्षरात लिहिलं: कलम १, डबा, पत्र्याचा, नग एक. आणि शेऱ्याच्या रकान्यात: मालकी वादग्रस्त.